दावा ‘खर्चासह मंजूर’, पण खर्च नेमका किती हे कोण सांगणार?

बांधकरी
वडिलांनी २०१४ ला तालुका कोर्टात दावा टाकला, शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून. यंदा फेब्रुवारीत निकाल लागला, दावा खर्चासह मंजूर, म्हणजे आमचा कोर्टखर्च शेजाऱ्याने द्यायचा. पेढे वाटून झाले, पण हुकूमनामा (निकालावरून कोर्ट काढतं तो कागद, डिक्री) अजून तयार नाही. खिडकीवर विचारलं की खर्चाचा तक्ता व्हायचाय, माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या. असे आठवडे मोजायचं मी सोडलं. खर्चाची रक्कम ठरायला एवढा वेळ का लागतो आणि हातात साधारण काय पडतं?

दिवाणी_गडी
दादा, कायद्याने निकालापासून १५ दिवसांत हुकूमनामा व्हायला पाहिजे. पण देशभरात जिल्हा-तालुका कोर्टांत ४ कोटींच्या वर केसेस पडून आहेत, निकाल लागलेली फाईल मग कोण आधी उघडतंय. गंमत बघा, हरलेला माणूस हुकूमनाम्यासाठी थांबत नाही, निकालाच्या नकलेवर अपील ठोकून मोकळा होतो, आणि तुम्हाला मात्र खर्चाच्या वसुलीसाठी दरखास्त लावायची तर आकडा पाहिजे. वकिलांना सांगून सरळ जज साहेबांपुढे अर्ज द्या. आधी त्यांना हेही विचारा की त्यांच्या फीचं सर्टिफिकेट कोर्टात दाखल केलंय का, कधीकधी गाडी तिथेच अडकलेली असते.

तारीखवाला
जास्त आशा ठेवू नका. तक्त्यात कोर्ट फी, समन्सचा खर्च वगैरे येतं, वकिलाची फी मात्र नियमातल्या दराने, तुम्ही दिली ती नाही. आमचे लाखभर गेले, तक्त्यात साडेसहा हजार. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच म्हटलंय की खर्च प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असावा, पण तालुक्यापर्यंत ते पोचायला बहुतेक एसटी मिळालेली नाही. आणि समोरच्याने खोटा बचाव घेतला म्हणून वेगळी भरपाई मागाल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ ची कमाल मर्यादा ३००० रुपये, १९७७ पासून तीच.

बांधकरी
३००० मध्ये तर आमची मोजणी पण झाली नव्हती. बरं, समोरचा मुदत मागायचा तेव्हा साहेब कॉस्ट लावायचे, ती यात धरतात का?

दिवाणी_गडी
ती कलम ३५-ब ची, म्हणजे तारखा लांबवल्याबद्दलची असेल तर वेगळी. भरली असेल तर तक्त्यात येत नाही, आणि न भरता त्याला पुढचा बचाव करूच द्यायला नको होता, पण ‘पुढच्या तारखेला भरतो’ यावर चालून जातं. न भरलेली असेल तर तिचा स्वतंत्र हुकूम काढून वसूल करता येते. रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) काढून बघा.

बांधकरी
काल बसून सगळा रोजनामा वाचला. ९ वेळा कॉस्ट लागलीय, भरल्याची नोंद ३ वेळाच. ६ वेळचे मिळून १९०० होतात. वकील हसले, म्हणाले एवढ्यासाठी अर्ज? म्हटलं हो, द्याच.