बाळाच्या हार्ट सर्जरीनंतर सीआरपी (शरीरातली सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ततपासणी) वाढला, लगेच स्ट्राँग अँटिबायोटिक द्यावं की थांबावं?

चिऊची_आई: माझी लेक ४ महिन्यांची असताना व्हीएसडी (हृदयाच्या पडद्यातलं भोक) बंद करायचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सीआरपी १३८. ताप नाही, बीपी बरं, तरी डॉक्टर म्हणाले उद्या परत बघू, आणि मी रात्रभर आयसीयूबाहेरच्या बाकावर मोबाईल धरून बसले, जिथं तिथं लिहिलेलं १० च्या आत हवा. लेक आता छान आहे पण माझं मत तेच आहे, एवढ्याशा जिवाच्या बाबतीत वाट कशाला बघायची, औषध सुरू करा, नको असेल तर नंतर बंद करा.

पीआयसीयू_सिस्टर: ताई, त्या बाकावरच्या आया मी रोज बघते, पण हे नाही पटत. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून रक्त फिरलं की शरीराला तो हल्लाच वाटतो आणि एकही जंतू नसताना लिव्हर सीआरपी बनवत सुटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात वर असतो, मग उतरतो. पांढऱ्या पेशीही वाढतात, त्यात स्टेरॉइड दिलं असेल तर बघायलाच नको.

आरवचा_बाबा: सिस्टर, "मशीनमुळे असतं" हे वाक्य आम्हीही ऐकलं. ९ दिवसांचा होता, आर्टेरियल स्विच (हृदयाच्या उलट जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या जागेवर लावायचं ऑपरेशन) झालं, सूज होती म्हणून छाती उघडीच ठेवलेली. चौथ्या दिवशी उतरलेला सीआरपी परत चढला, प्लेटलेट पडले, हातपाय गार, तरी संध्याकाळपर्यंत नुसतं बघू बघू. कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. वाचला तो, पण २६ दिवस व्हेंटिलेटरवर होता. मी चिऊच्या आईच्या बाजूने.

लॅब_डॉक्टर: दादा, तुमच्या बाळात आकडा उतरून परत चढला, खरी खूण तीच होती आणि तिथे थांबायलाच नको होतं. चिऊचा मात्र पहिलाच चढ होता, या दोन्ही गोष्टी एक नाहीत. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे इन्फेक्शन ओळखायची दुसरी रक्ततपासणी, इथे जास्त कामाला येतं, मशीननंतर साधारण पहिल्या दिवशीच टोकाला जातं आणि मग दिवसाला जवळपास निम्मं होतं, तिसऱ्या दिवशीही चढतच असेल तर मी वॉर्डात फोन करतो. पण किडनी मंदावली असेल तर ते हळू उतरतं, आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळात पहिले दोन दिवस आपोआपच वाढतं.

चिऊची_आई: मग कल्चर घेऊन औषध द्या ना, निगेटिव्ह आलं तर ४८ तासांनी बंद!

पीआयसीयू_सिस्टर: कागदावर बरोबर आहे हो. प्रत्यक्षात बंद करायची हिंमत कुणी करत नाही, दोनाचे पाच, पाचाचे सात दिवस होतात, मग तोंडात पांढरी बुरशी, जुलाब, आणि पुढच्या खऱ्या इन्फेक्शनला कोलिस्टिनशिवाय (अगदी शेवटी वापरायचं अँटिबायोटिक) काही उरत नाही. कल्चरला रक्तही जेमतेम १ मिली मिळतं, ४ किलोच्या बाळात सगळं मिळून ३२० मिलीच्या आसपास असतं, सारखं सारखं किती काढायचं?

आरवचा_बाबा: रक्त काढू नका, हात लावून बघा. त्याचे तळवे गार आहेत हे सकाळी ११ ला त्याच्या आईने सांगितलं होतं, रिपोर्ट नंतर आला.

लॅब_डॉक्टर: यावर माझ्याकडे उत्तर नाही दादा. आईने सांगितलेलं चार्टवर वेळेसकट लिहिलं जायला हवं होतं, आकड्याच्या शेजारीच.