बी.ए. अर्थशास्त्र म्हणजे आयुष्याची माती?

खवट खारीक
काल इथे एका पालकांनी लिहिलं, "बारावी सायन्सला ८२ टक्के आणि मुलगी म्हणते अर्थशास्त्रात बी.ए. करणार. आयुष्याची माती व्हायच्या आत कुणीतरी समजवा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. डोकंच फिरलं. अहो, भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससीच घेते, पण नुसत्या इंजिनिअरला तिचा अर्जसुद्धा भरता येत नाही, अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाचंही तेच. आयआयटी मुंबईत २०१७ पासून अर्थशास्त्राची पदवी आहे, जेईई देऊन पोरं येतात. ती सगळी मातीत चालली का?

निवृत्त बँकर
तुमचा सगळा मामला एम.ए.नंतरचा. नुसत्या बी.ए.वर काय? बँकेची पीओ, म्हणजे अधिकारी भरतीची परीक्षा. तिला केमिस्ट्रीवालाही चालतो. मी मुलाखती घेतल्यात. रेपो रेट वाढला की घराच्या हप्त्याचं काय होतं, हे अर्थशास्त्राच्या पदवीधराला सांगता येईना. 'मागणीचा नियम सोदाहरण स्पष्ट करा', गाइडातून उतरवलं, झाला पास.

ऋचा के
गाइडला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात गणित आणि अर्थशास्त्राचे तास एकाच वेळी. एकच घ्या. एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत डेरिव्हेटिव्हची गणितं बघून पेन खाली ठेवलं. मग वर्षभर बारावीचं गणित काढून बसले, तेव्हा नंबर लागला. आज क्रेडिट रेटिंगमध्ये आहे, म्हणजे कर्ज घेणारा ते फेडेल का ते जोखायचं; साखर कारखान्यांचे ताळेबंद वाचते. नफा नंतर, आधी उसाची थकीत देणी बघायची. हे बी.ए.ला कुणी शिकवलं नाही.

तासिकावाला
शिकवणाऱ्यांचं ऐका मग. एम.ए., सेट, नेट, पीएच.डी. आणि नोकरी सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दिवाळीचं मानधन होळीला. कायम जागेसाठी संस्थेत जो आकडा सांगितला, त्यात गावाकडे दोन एकर येतात. 'पूर्ण रोजगार' शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.

खवट खारीक
धागा अर्थशास्त्राचा आहे. सीएचबीचं रडगाणं इतिहास-भूगोलवाल्यांचंही तेच.

तासिकावाला
रडगाणं? आर्थिक सेवेचे पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात, हे का गाळलंत? माझ्या वर्गातल्या मराठी माध्यमाच्या पोरांनी तुमच्या आयआयटीच्या गोष्टी ऐकून काय करायचं?

ऋचा के
इंग्रजी येतं हो वर्षभरात. गणिताची भीती जात नाही.

तासिकावाला
तुम्हाला आलं. वर्षभर घरी बसायची चैन प्रत्येकाला नसते, ताई.

ऋचा के
चैन? सकाळी दूध डेअरीत पावत्या फाडत होते मी. माहीत नसताना बोलू नका.

मूळ पालक
ती पोस्ट माझी. मुलीचं गणित चांगलं आहे. गणित सोडणार नाही या अटीवर फॉर्म भरू देतोय. पण तुमचं वाचून काळजी कमी झाली असं कुणी समजू नये. वाढली आहे.

निवृत्त बँकर
गणितासकट घेणार असेल तर माझी हरकत मागे. तेवढ्यापुरतीच. आणि तासिकावाले, भरती रखडते ती सरकारमुळे, विषयामुळे नाही.

तासिकावाला
दोन एकरांचा आकडा मंत्रालयातून आला नव्हता, साहेब.

निवृत्त बँकर
मग सोडा की नोकरी!

तासिकावाला
सोडून काय, पीओ होऊ? खुल्या गटाला तिशीची अट आहे. तुमच्याच बँकांची.