आलेख कोपऱ्यात का अडकतो
टीकिंटरची (पायथॉनमधलं खिडक्या बनवायचं साधन) खिडकी ताणली तरी मॅटप्लॉटलिबचा (आलेख काढणारी लायब्ररी) आलेख ६४० बाय ४८० पिक्सेलवरच अडून बसतो, म्हणून फिगसाइज (आलेखाचा ठरवून दिलेला आकार) वाढवून पाहिल्याचं तुम्ही लिहिलंय. तो नाद सोडा. कॅनव्हासला, म्हणजे आलेख ज्यावर उमटतो त्या घटकाला, जेवढी जागा मिळते तेवढा तो पसरतो. इथे जागाच मिळत नाहीये. ग्रिडमध्ये (घटक ओळी-स्तंभांत मांडायची टीकिंटरची पद्धत) ओळी-स्तंभांचं वेट, म्हणजे वाढीव जागेतला वाटा, मुळात ० असतं, म्हणजे वाढलेली जागा कुणाच्याच वाट्याला येत नाही. रोकॉन्फिगर, कॉलमकॉन्फिगरने ते १ करा, स्टिकीत (घटक कप्प्याच्या कोणत्या कडांना चिकटेल ते) चारही दिशा द्या. आणि हे मुख्य खिडकीपासून कॅनव्हासपर्यंत मधल्या प्रत्येक फ्रेमला (इतर घटक ठेवायची चौकट) करा! मधली एकच फ्रेम राहिली होती, तर माझी अख्खी दुपार गेली. अक्षांची नावं कापली जात असतील तर फिगर बनवतानाच लेआउट ‘कन्स्ट्रेन्ड’ ठेवा, म्हणजे आकार बदलला की कडेची जागा पुन्हा जुळते. एकदा चालवलेलं टाइट-लेआउट (कडेची जागा जुळवणारी दुसरी सोय) त्या वेळच्या आकारापुरतंच असतं.