शौचाला आग आणि रक्त, घरी कोणाला सांगू?

कसं विचारू कळत नाहीये. आठ दिवस झाले, शौचाला गेलं की काच लागल्यासारखं होतं, नंतर तासभर ठणकतं आणि लालभडक थेंब पण पडतात. नवऱ्यालाही सांगितलं नाहीये अजून. घरी काही करता येईल का?

– अगं फिशर असेल, म्हणजे शौचाच्या जागी पडलेली चीर, मला बाळंतपणानंतर झालेलं. टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बस, दिवसातून दोन-तीनदा, आणि रात्री इसबगोल घे पण पाणी भरपूर पी हां नाहीतर उलट घट्ट होतं. कुंथू नकोस अजिबात.

– ताई, घरचे उपाय करा पण रक्त म्हणजे मूळव्याधच असं धरून बसू नका. माझ्या काकांनी लाजेपोटी वर्षभर लपवलं, जाहिरातीतली चूर्णं खात राहिले आणि शेवटी आतड्याचा कॅन्सर निघाला. आठवडा झालाय ना, मग आता दाखवाच. शौच डांबरासारखी काळी झाली, खूप रक्त गेलं, चक्कर आली तर त्याच दिवशी जा. जनरल सर्जन बघतात हे, लेडी डॉक्टर मागितली तरी चालतं.

– थँक्यू दोघांना, रडूच आलं वाचून. आज नवऱ्याला सांगते, उद्याची अपॉइंटमेंट घेते.