प्रतिसाद: लांबची लेन्स नको

'सार्वजनिक रस्ता आहे, २०० मिमी लावा आणि लांबून टिपा' या वरच्या सल्ल्याशी मी असहमत आहे. लंडनच्या वर्ल्ड नेकेड बाइक राइडमध्ये (तेलावरच्या अवलंबित्वाविरुद्ध लोक विवस्त्र होऊन सायकल चालवतात ते निदर्शन) रस्त्यावर फोटो काढायला सहसा कायद्याची आडकाठी नसते, पण संमतीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. लांबून टिपलेल्या माणसाला नकार देण्याची संधीच मिळत नाही.

३५ किंवा ५० मिमीची, जवळ जाऊन टिपावं लागणारी लेन्स लावा आणि समोर दिसाल असे उभे राहा. राइड सुरू व्हायच्या आधी लोक एकमेकांच्या अंगावर रंग लावत असतात, तेव्हा विचारणं सोपं जातं. फोटो स्क्रीनवर दाखवा. नको म्हटलं तर तिथेच पुसा. पाठीवरची तेलविरोधी घोषणा टिपली तर चेहराही येत नाही आणि निदर्शनाचा मुद्दाही पोचतो.

चालत्या सायकलींना पॅनिंग करताना, म्हणजे सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत टिपताना, शटर १/३० सेकंद ठेवा. गर्दीत वेग इतका कमी असतो की १/१२५ ला मागची पार्श्वभूमी पुसट होतच नाही. काळ्या डांबरामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि अंगावरचा पांढरा रंग जळतो, म्हणजे जास्त उजळून त्यातले बारकावे जातात, म्हणून एक्स्पोजर −०.७ करा.

फोटो चढवण्याआधी जीपीएस माहिती काढा, कुणालाही टॅग करू नका. मागे लहान मूल आलं असेल तर तो फोटो वापरूच नका.