एकाच वेळी अनेक वणवे पेटले, तर कुमक आधी कोणाला?

प्रश्न :
अमेरिकेत एकच जंगल कुठे केंद्राच्या, कुठे राज्याच्या, तर कुठे खासगी मालकीचे असते आणि वणवा या हद्दी पाळत नाही. दोन ठिकाणांहून एकाच हेलिकॉप्टरची मागणी आली, तर निर्णय कोण घेते? शेजारच्या विभागाला परस्पर फोन करून मदत मागवली, तर वेळ वाचणार नाही का?

प्रतिसाद १ :
पथके धाडणाऱ्या स्थानिक कक्षाकडचे बळ अपुरे पडले, की मागणी विभागीय समन्वय केंद्राकडे जाते आणि तिथेही भागले नाही, तर आयडाहोतील बॉइसी येथील राष्ट्रीय केंद्राकडे. विभागीय केंद्रे दहा आहेत. आग नुकतीच लागलेली असताना मात्र खाते न पाहता सर्वांत जवळचे पथक धाडण्यावर भर असतो. टंचाईच्या काळात ज्याची मागणी आधी त्याला आधी, असे वाटप होत नाही. माणसांच्या जिवाला धोका कुठे आहे, हे प्रथम पाहिले जाते.

प्रतिसाद २ :
परस्पर फोनच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात तेरा दिवसांत १६ जीव गेले, तेव्हा वेगवेगळ्या खात्यांमधील विसंवाद नडला होता आणि त्यातूनच घटनास्थळावरील एकसंध नेतृत्वाची आजची पद्धत घडली. आज प्रत्येक मागणीला क्रमांक मिळतो : विमानांसाठी ‘ए’, पथकांसाठी ‘सी’, यंत्रसामग्रीसाठी ‘ई’. आलेले पथक आधी या क्रमांकानिशी नोंद करते. नोंदीविना डोंगरावर चढलेल्या पथकाची जागा कोणालाच ठाऊक नसते. वारा फिरला, तर त्याला माघारीचा निरोप द्यायचा कोणी?

प्रश्नकर्ता :
हे पटले. पूर किंवा चक्रीवादळातही हीच साखळी चालते का?

प्रतिसाद १ :
नेतृत्वाची पद्धत तीच असते. राज्यांमधील मदतीची देवाणघेवाण मात्र मुख्यतः १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) मान्यता दिलेल्या परस्पर साहाय्य कराराने होते, ज्यात खर्चाची भरपाई आणि कायदेशीर जबाबदारी आधीच ठरलेली असते.

प्रतिसाद २ :
एक भर घालतो. वणव्यावरची नेमणूक साधारणपणे प्रवास वगळून १४ दिवसांची असते, त्यामुळे यादीत ‘उपलब्ध’ दिसणारे वीस जणांचे पथक मागवण्यापूर्वी त्याचे किती दिवस उरले आहेत, हे विचारलेच पाहिजे.