मदत हवी आहे : कमी ऑक्सिजनमध्ये स्पंजाचा श्वसनदर कसा मोजावा?

नमस्कार.

पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या पातळीचा समुद्री स्पंजांच्या शरीरक्रियेवर काय परिणाम होतो, हा माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा विषय आहे. तो सुचला गोव्याच्या किनाऱ्यावरून. पावसाळ्यात खोलवरचे, ऑक्सिजन कमी असलेले पाणी तेथील उथळ भागात चढते, वर गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो. मासे अशा वेळी दूर जाऊ शकतात. खडकाला चिकटलेल्या स्पंजाला ती सोय नाही.

स्पंज चिवट असतात, हे मान्य. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील ‘हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया’ हा स्पंज आजच्या वातावरणातील पातळीच्या 0.5 ते 4 टक्के ऑक्सिजनवरही तगतो, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. बहुतेक प्राण्यांच्या पेशींना ऑक्सिजन घटल्याची वर्दी देणारी ‘एचआयएफ’ ही यंत्रणा स्पंजांमध्ये नाही, आणि मला त्यांचे कुतूहल वाटते ते मुख्यतः यामुळेच.

माझी अडचण मोजमापाची आहे. बंद भांड्यात स्पंज ठेवून प्रकाशीय संवेदकाने ऑक्सिजनची घट नोंदवली, तर पातळी खाली जाताना श्वसनदरही उतरतो. पण ऑस्क्युलमजवळ, म्हणजे स्पंज पाणी बाहेर टाकतो त्या तोंडाजवळ, फ्लुओरेसिन या रंगद्रव्याचा थेंब सोडून पाहिले, की सुरुवातीला हिरवा धागा सरळ वर उसळतो आणि पुढे तोच रंग तोंडाशी रेंगाळत राहतो. म्हणजे कॉलर पेशींनी पाणी खेचणेच मंदावले आहे. मग नोंदलेली घट पेशींच्या चयापचयाची मानावी, की केवळ उपसा थांबल्याची? शिवाय बंद भांड्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड साचत जातात, त्यामुळे दोष ऑक्सिजनच्याच माथी मारणे मला पटत नाही.

यावर उपाय म्हणून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पातळी आधीच 2 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत खाली आणावी, असा विचार आहे. मात्र त्याने कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि सामू वाढतो. नायट्रोजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून सामू स्थिर ठेवण्याचा, तसेच मधूनमधून पाणी बदलणाऱ्या भांड्यात मोजमाप करण्याचा कोणाला अनुभव आहे का? दोन मोजमापांमध्ये स्पंजाला किती विश्रांती द्यावी?

दुसरा प्रश्न जीवाणूंचा. ‘जिओडिया बॅरेटी’सारख्या स्पंजांच्या ऊतींत जीवाणू दाटीने राहतात आणि पाण्याचा प्रवाह थांबला की आतला भाग ऑक्सिजनहीन होतो. नुसत्या पाण्याचे भांडे नियंत्रण म्हणून ठेवले, तर पाण्यातल्या जीवाणूंचा वाटा वजा करता येतो, पण ऊतींतल्यांचे काय करावे? प्रतिजैविके वापरली तर स्पंजाचीच घडी विस्कटेल, अशी भीती वाटते.

स्पंज पाण्याबाहेर न काढता, दगडाच्या तुकड्यासकटच हलवत आहे. भांडे दीड लिटरचे असून तापमान 28 अंश सेल्सिअस आहे. आणखी तपशील लागल्यास विचारावा, नोंदींचे तक्ते येथेच देईन.